रोपरची रेझिन मिनी: बनवलीय भारी, पण लपत नाही

आमच्या शनिवारच्या डी अँड डीसाठी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं घेऊन खेळायचा खेळ) रोपर ह्या राक्षसाची थ्रीडी प्रिंटेड मिनी, म्हणजे छोटी मूर्ती, मागवली, पुण्यातल्याच एका प्रिंटिंगवाल्याकडून, ८५० रुपये, चार दिवसांत कोथरूडला घरपोच. पाचपैकी साडेतीन देतोय.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांना सांगतो, रोपर हा ह्या खेळातला १९७५ पासूनचा जुना राक्षस. गुहेत राहतो, दिसतो अगदी जमिनीतून वर आलेल्या चुनखडीच्या सुळक्यासारखा, एक डोळा, एक जबडा आणि सहा टेंटॅकल्स (दोरीसारखे लांब हात). २०१४ च्या नियमांप्रमाणे चाल म्हणाल तर एका टर्नला जेमतेम १० फूट, पण टेंटॅकल ५० फुटांवर पोचतं आणि एकदा धरलं की २५-२५ फूट ओढत तोंडाशी आणतो. प्लॅटिनम आणि रत्नं त्याला पचत नाहीत म्हणून मेल्यावर पोटातली लूट आपली. सगळी मजा कशात आहे तर हलत नाही तोवर तो आणि साधा दगड ह्यात फरकच कळत नाही.

आणि इथेच मिनीवाल्याने माती खाल्ली.

काम एक नंबर आहे हो, दगडाचे थर, दातांमधल्या फटी, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या सगळं दिसतं, रेझिन चिकट नाही, ५० एमएमचा बेस ग्रिडवर बरोबर चार चौकोनांत बसतो. पण जबडा आ वासलेला, डोळा टकाटका बघतोय, टेंटॅकल्स हवेत! आई म्हणाली हे जळकं वांगं कशाला आणलंस. टेबलावर ठेवल्या ठेवल्या आमची रोग (rogue, म्हणजे चोराचं पात्र) खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मी ५० फुटांच्या बाहेर थांबते." झालं, खेळ चालवणारा मी, माझा आठवडाभर रचलेला हल्ला पाण्यात.

पॅकिंग तर विचारूच नका, बबल रॅपचा एक थर, त्यामुळे एक टेंटॅकल तुटूनच आलं. तक्रार केली तर उत्तर काय, फेविक्विक लावा. लावलं. पण वर न चिकटवता खाली बेसवर आडवं चिकटवलं आणि खरं सांगतो, तेवढंच एक टेंटॅकल रोपरचं वाटतं, मुळासारखं गुपचूप पडलेलं.

मग म्हटलं सगळंच नीट करू. (पावसाळ्यात स्प्रे प्रायमर गॅलरीत मारू नका, दमट हवेत खरखरीत होतो, माझा पहिला हात वाया गेला.) आधी सवयीने काळा-राखाडी रंगवला, कारण आपण गुहा म्हणून बघितलेल्या काय तर पाताळेश्वर नाहीतर कार्ला, सगळा बसाल्ट. त्यात असे सुळके सहसा होत नाहीत, त्यांना चुनखडी आणि वरून ठिबकणारं पाणी लागतं. म्हणून परत बसून पिवळट-तपकिरी केला. २०१८ च्या बंदीआधीच्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल माळ्यावर पडला होता, त्याचे अकरा सुळके कापले, त्याच रंगात रंगवले, आणि मिनीची पाठ खेळाडूंकडे करून मधोमध ठेवली. ह्या वेळी खेळाडूंना वेगळ्याच गुहेत नेलं.

गेल्या शनिवारी आमचा फायटर (लढवय्याचं पात्र खेळणारा) म्हणाला, मी त्या मधल्या दगडाला ढाल टेकवून शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, घेतो.