स्वल्पविरामाची सरावपुस्तिका : सहा महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा साताऱ्यात राजपथावरच्या एका दुकानातून मुलीसाठी इंग्रजी स्वल्पविरामाच्या सरावाची ही पुस्तिका घेतली. मुलगी मराठी माध्यमात पाचवीला असून शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते. रोज रात्री जेवणानंतर आम्ही एक पान सोडवतो.

एका वेळी एकच नियम घेऊन तो पाच-सहा पानांत मुरवण्याची पद्धत मला आवडली. यादीचा नियम तिला लगेच जमला. 'आय बॉट कंदी पेढे, बनानाज अँड मिल्क' हे वाक्य तिने स्वतःच रचले. 'अँड'च्या आधीही स्वल्पविराम हवाच, असे पुस्तिका बजावते. ब्रिटिश वळणाच्या लेखनात तो बहुधा गाळतात, हे मात्र सांगत नाही. त्यामुळे वर्गात बाईंनी तो खोडला तेव्हा ती गोंधळली.

खरी उणीव निराळी आहे. 'वाचताना थांबाल तिथे स्वल्पविराम द्या' हे पहिल्याच पानावरचे सूत्र तिने इतके मनावर घेतले, की ती 'द बस टु महाबळेश्वर, लीव्ह्ज ॲट सेव्हन' असे लिहू लागली. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये असा एकटा स्वल्पविराम चालत नाही, हे मलाच समजावावे लागले. शिवाय आपल्या मुलांच्या पुष्कळ चुका मराठीतून येतात. मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात ही चिन्हे इंग्रजीच्या धर्तीवरच मराठीत रूढ केली खरी, पण आपल्याकडे रुळल्यावर त्यांची वागणूक पालटली. आपण 'ती म्हणाली की, मी दमले' असे लिहितो, म्हणून मुलगी 'शी सेड दॅट, शी वॉज टायर्ड' लिहिते. 'पाऊस आला, आम्ही घरीच थांबलो' हे मराठीत सहज खपते. इंग्रजीत मात्र अशी दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत, त्यांच्यामध्ये 'सो' तरी घालावा लागतो किंवा पूर्णविराम तरी. या मुद्द्याला पुस्तिकेने अवघे अर्धे पान दिले आहे. वहीत तीसेक वाक्ये मी स्वतः करून दिली, तेव्हा कुठे ही सवय सुटू लागली.

संबोधन आणि अवतरणांची पाने ठीक आहेत. तारखा मात्र अमेरिकी पद्धतीच्या, म्हणजे 'ऑगस्ट १५, १९४७' अशा आहेत. शाळेत '१५ ऑगस्ट १९४७' असे स्वल्पविरामाशिवाय लिहायचे असते. एक लाखही तिथे १००,००० असा छापला आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना पुस्तिका जरूर द्यावी, पण शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसणार असेल तरच. धाकट्यालाही वापरता यावी म्हणून आम्ही सगळे पेन्सिलीने सोडवले आहे, आणि तारखांची दोन पाने स्टेपलरने बंद करून ठेवली आहेत.