सुपरवायझरला शिकवायला शिकवणारे दहा तास: टीडब्ल्यूआय जॉब इन्स्ट्रक्शन

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कापायचं, वर्कशॉप आहे. एचआर, ट्रेनिंगचं रेकॉर्ड आणि ऑडिटच्या फायली, तिन्ही माझ्याच टेबलावर. त्यामुळे ट्रेनिंग विकायला येणारा प्रत्येक माणूस आधी मला भेटतो. बहुतेकांची गाडी 'माइंडसेट'च्या पुढे सरकत नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवायच्या, फुगे फोडायचे, बुफे जेवायचं, आणि सोमवारी रिजेक्शनच्या ट्रेमध्ये तेवढेच पीस. टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) या योजनेतला जॉब इन्स्ट्रक्शन, म्हणजे काम कसं शिकवायचं ते शिकवणारा कोर्स, मात्र मी पुन्हा घेईन. कुठल्या अटींवर, ते पुढे सांगते.

कोर्स जुना आहे. 1940 साली अमेरिकेत युद्धाचा माल बनवणाऱ्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर तयार करायची होती, त्यासाठी ही योजना निघाली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटाने उचलली. मांडणी आजही तशीच: दोन-दोन तासांची पाच सत्रं, साधारण दहा जणांची बॅच. ऑपरेटरला यात बोलवत नाहीत. बसायचं ते सुपरवायझरने, सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने), लाइन लीडरने, म्हणजे ज्याच्या हाताखाली नवीन पोरगा येतो त्याने.

पहिल्या दिवशी ट्रेनरने दोन पदरी वायरचा तुकडा काढला. बल्ब होल्डरच्या आत वायरला एक विशिष्ट गाठ मारतात, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी स्क्रूखालची टोकं सुटत नाहीत. आधी त्यांनी ती गाठ नुसती तोंडाने सांगितली. आमच्यातला एक लाइन लीडर उठला, वायर हातात घेतली आणि नुसता हसत राहिला. मग ट्रेनरने काही न बोलता फक्त करून दाखवली. तरी जमली नाही. तिसऱ्यांदा एकेक टप्पा, प्रत्येक टप्प्यात काय सांभाळायचं आणि का, असं सांगत दाखवली. मग त्याच्याकडून करून घेतली, पुन्हा करायला लावली आणि करता करता कारणं बोलायला लावली. जमली. आमच्या शॉपमध्ये 'बाजूला उभा राहा आणि बघ' हेच ट्रेनिंग असतं. ते का चालत नाही, हे भाषणाशिवाय कळलं.

मग ज्याने त्याने आपल्या मशीनवरचं एक काम घेऊन त्याचा तक्ता करायचा. एका बाजूला मुख्य टप्पे, दुसऱ्या बाजूला कळीचे मुद्दे. कळीचा मुद्दा कुठला? ज्यावर काम जमणं-बिघडणं ठरतं, ज्याने इजा होते, किंवा ज्याने काम सोपं होतं, म्हणजे हातखंडा. आमच्या सेटर काकांनी चकमध्ये (मशीनच्या फिरत्या पकडीत) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावण्याचं काम घेतलं. जॉ (चकचे पकडणारे जबडे) साफ करणे, जॉब टेकवणे, पेडल दाबणे. तीन ओळींत तक्ता संपला. ट्रेनर म्हणाले, "काका, आता मशीनवर जाऊन करा, मी नुसता बघतो." काकांनी चक थांबवून जॉ ब्रशने साफ केले आणि मग प्रत्येक जॉच्या तोंडावरून बोट फिरवलं. ते कशाला? काका थोडे गोंधळले. धातूची एक बारीक चिप अडकली तरी जॉब सरळ बसत नाही, रनआउट येतो, म्हणजे फिरताना तो डुगडुगतो. हे त्यांच्या बोटाला माहीत होतं, तोंडातून कधी आलं नव्हतं. नवीन पोरांना ते कुणी सांगितलंच नसणार. पेडलवर पाय जायच्या आधी हात बाहेर, हेही तिथेच तक्त्यात चढलं. कोर्सचे पैसे माझ्या मते इथेच वसूल झाले.

आता तक्रारी. आम्ही ज्या सल्लागाराकडून कोर्स घेतला त्याची कार्डं आणि तक्ते सगळे इंग्रजीत. माझ्याकडे लातूर-नांदेडची पोरं आहेत, बिहार-ओडिशाची आहेत. सुपरवायझर स्वतःच इंग्रजी ओळ दोनदा वाचतो, तर तो शिकवणार काय? मराठी आणि हिंदी तक्ते आम्हीच बसून केले. हे आधीच ठरवून घ्या, कोटेशनमध्ये लिहून घ्या.

दुसरं, शिकवण्याच्या या पद्धतीचा चौथा टप्पा पाठपुराव्याचा. शिकवलेल्या माणसाला मशीनवर सोडल्यावर सुरुवातीला वारंवार जाऊन बघायचं, अडलं तर कुणाला विचारायचं हे त्याला आधीच सांगून ठेवायचं. सल्लागाराने मात्र आपल्या बॅचसाठी पाठपुराव्याचं एकही सत्र ठेवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म भरून घेतले आणि प्रमाणपत्रं वाटली. चहा चांगला होता का, ट्रेनर आवडला का, याने काय कळतं? पंधरा दिवसांनी काकांच्या हाताखालचा पोरगा न सांगता जॉ तपासतो का, ते बघायला कुणी आलं तर उपयोग. ते शेवटी मीच करते, स्किल मॅट्रिक्सची शीट (कुणाला कुठलं काम किती येतं, ते गोल भरून दाखवणारा तक्ता) घेऊन. गोल अर्धा भरायचा की पूर्ण, हे मशीनपाशी उभं राहून ठरवायचं, ऑफिसात बसून नाही.

ऑडिटला उपयोग होतो का? होतो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांसाठी आयएटीएफ 16949 हे गुणवत्तेचं मानक आहे, त्यातलं 7.2.2 कलम प्रत्यक्ष कामावरच्या ट्रेनिंगचं आहे आणि त्यात कंत्राटी माणसंही धरली आहेत. हे तक्ते समोर ठेवले की ऑडिटरचे पुढचे प्रश्न कमी होतात. पण निव्वळ फाईल जाड करायला हा कोर्स घेणार असाल तर पैसे वाचवा, त्यासाठी स्वस्त पर्याय पुष्कळ आहेत.

खरा खर्च फीचा नाही, दहा जण रोज दोन तास लाइनवरून उठतात त्याचा आहे. आमच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी डिस्पॅचसाठी दोघांना मधूनच बोलावलं, आणि त्या दोघांचे तक्ते आजही अर्धवट आहेत. तेव्हा तारखा मालकांकडून पक्क्या करून घ्या, महिनाअखेर टाळा. आणि दहाच्या वर माणसं बसवू देऊ नका. सल्लागार पंचवीस जणांची बॅच स्वस्तात करून देतो म्हणेल, पण मग प्रत्येकाला उभं राहून शिकवून दाखवायची पाळी येत नाही.