फेरीबोटीला साडेतीन स्टार, रॅम्पवरच्या काकांना पाच

रिव्ह्यू फेरीबोटीचा आहे पण बोटीबद्दल लिहिण्यासारखं तसं फार काही नाहीये, गाडी चढवा, हँडब्रेक लावा, पंधरा मिनिटं वारा खा, पलीकडे उतरा, खाडीला वळसा घालून जायचे दोन तास वाचतात आणि डिझेल पण वाचतं. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा बऱ्याच ठिकाणी आता ही सोय झालीये, आमच्याकडचे जुने लोक अजून जंगल जेटीच म्हणतात. मी त्यातल्या कुठल्या जेटीबद्दल लिहितोय ते मुद्दाम सांगत नाही, कारण ज्याच्यावरून हे सगळं सुचलं तो माणूस कोणाच्या तरी पाहुण्यातला निघायचा आणि मग गणपतीत आरतीला समोरासमोर उभं राहायची पंचाईत.

तर मुद्दा असा की सुट्टीच्या दिवशी या जेटीवर भांडण होतंच. मे महिना, शिमगा, गणपती, लाँग विकेंड, कधीही जा. मुंबईहून रात्री निघालेला माणूस, त्यात आपला मुंबई-गोवा हायवे, पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं ते अजून लोक मोजतायत, खड्डे, डायव्हर्जन, माणगावात तासभर अडकलेला, मागच्या सीटवर पोरं ओकतायत, आणि हे सगळं करून जेटीवर यावं तर समोर गाड्यांची ही एवढी लाईन. राग असतो हायवेचा, निघतो तिकीट फाडणाऱ्या पोरावर. नुसती चाकरमान्यांना नावं ठेवू नका हां, आपले गाववाले पण काही कमी नाहीत, 'आम्ही इथलेच, आम्हाला कसली लाईन' म्हणत बाईक थेट रॅम्पवर घालतात आणि कोणी बोललं की त्याच्यावरच डाफरतात.

परवाच्या मे मधली गोष्ट. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. एक मोठी पांढरी गाडी उजवीकडून सगळ्यांना ओव्हरटेक करून पार पुढे येऊन आडवी लागली. तिच्यामागे आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो, तो ड्रायव्हर सकाळपासून लाईनीत, तो उतरला आणि त्याने बोनेटवर थाप मारली. मग काय, आईबहीण, 'तू मला ओळखत नाहीस', 'बघून घेतो तुला', 'इथंच गाडीन', नेहमीचंच सगळं. पण पांढऱ्या गाडीवाल्याने डिकी उघडून व्हील पाना बाहेर काढला तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण तोपर्यंत आजूबाजूचे दहाबारा जण मोबाईल काढून शूटिंग करत होते आणि पब्लिक बघत असल्यावर हातात पाना घेतलेला माणूस मागे कसा येणार, त्याची इज्जत अडकते ना त्यात.

आता इथून पुढे रॅम्पवरच्या काकांचं काम. साठीच्या आसपासचे असतील, खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी. शिट्टी त्यांनी वाजवलीच नाही. आधी हात वर करून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, खूण केली की लोडिंग थांबव. मग एका खलाशाला इशारा केला, त्याने टेम्पोवाल्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला तिकीट खिडकीच्या मागे नेलं, म्हणजे दोघं एकमेकांना दिसणारच नाहीत असं. आणि दुसऱ्या पोराने मोठ्याने ओरडून सांगितलं 'चला चला, गाड्या चालू करा, बोट लावतोय'. शूटिंगवाले सगळे पळाले आपापल्या गाडीत! बोट लावत वगैरे कोणी नव्हतं, पण मिनिटभरात सगळी गर्दी साफ. मला हे नंतर लक्षात आलं, त्यावेळी मी पण गाडी चालू करून बसलो होतो.

काका स्वतः त्या माणसाच्या समोर नाही गेले, जरा तिरके उभे राहिले, पाना फिरवला तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवून, दोन्ही हात मोकळे, पोटाजवळ. 'शांत व्हा' एकदाही म्हणाले नाहीत. बरोबरच आहे, शांत व्हा म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी तरी अजून बघितलेला नाही, उलट अजून भडकतो. ते म्हणाले, 'साहेब, मागं आजी बसल्यात ना, गाडी बंद झाली म्हणजे एसी पण बंद, आधी त्यांची काच खाली करा, गुदमरतील.' त्या माणसाला त्याचं उत्तर द्यायला लागलं, मागे बघायला लागलं, आणि आजी खरंच घाबरून बसल्या होत्या. तो परत शिव्या द्यायला लागला, काकांना पण दिल्या, काकांनी एकाही शिवीला उत्तर दिलं नाही, मग हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं, 'पाना आत टाका, मग तुमचं सगळं ऐकतो. तो हातात असेपर्यंत मी बोलणार नाही.' आणि खरंच गप्प उभे राहिले. ती शांतता लय वेळ टिकली असं वाटलं. शेवटी पाना डिकीत पडला.

हे नुसतं गोड बोलणं नव्हतं बरं का. तिकीट खिडकीतल्या पोराने तोपर्यंत पोलिसांना ११२ लावलेला होता. काकांना मी नंतर बोटीवर विचारलं की तो पाना घेऊन अंगावर आला असता तर, तर म्हणाले मी केबिनमध्ये पळालो असतो आणि दार लावलं असतं, मला काय हिरो व्हायचंय. आणि पुढचं वाक्य मला फार आवडलं, 'दोघांना एका खेपेला घेत नाय मी. धक्क्यावर भांडलं तर पळायला जागा आहे, पाण्यात गेल्यावर कुठं जाणार?' म्हणून टेम्पो आमच्याबरोबर आला आणि पांढरी गाडी पुढच्या खेपेला, तिकीट तेच चालवलं, वर आजींना पाणी दिलं.

एका गोष्टीत मात्र माझं काकांशी पटलं नाही. पोलीस आले तेव्हा टेम्पोवाला पलीकडे पोचलेला, त्याला फोन केला तर म्हणाला जाऊदे साहेब, माल वाशीला पोचवायचाय, तक्रार नको. काका पण म्हणाले मिटलं ना, मग झालं. कसलं मिटलं? आपल्याकडे सगळंच असं मिटवतात आणि तोच माणूस पुढच्या जेटीवर परत डिकी उघडतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात कलम ३५१ धमकीचंच आहे, पूर्वी ५०६ म्हणायचे ते. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत आणि जिवे मारायची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कोर्टात पुढे काय व्हायचं ते होवो, निदान पोलीस स्टेशनला नोंद तरी राहिली असती. गाडीचा नंबर तर निम्म्या जेटीच्या मोबाईलमध्ये होता.

आता दीड स्टार का कापला ते सांगतो, आणि हे मालकांसाठी आहे, वाचत असाल तर. तुमचे काका एवढं सगळं निस्तरतायत पण मुळात तुमच्या जेटीवर लाईन कुठून सुरू होते हेच कोणाला कळत नाही. रस्त्यावर पांढरा पट्टा नाही, टोकन नाही, या खेपेला किती गाड्या जाणार ते सांगणारं कोणी नाही. माणसाला कळलं ना की आपला नंबर तिसऱ्या खेपेला आहे, तर तो शिव्या घालत का होईना पण गाडी बंद करून चहा प्यायला जातो. त्याला भीती असते ती आपला नंबर कोणीतरी खाईल याची, आणि तुमच्याकडे तो रोज खाल्ला जातो. सावलीला एक पत्र्याची शेड टाका. बायकांसाठी टॉयलेट आहे त्याला कडी लावा. सागरी सुरक्षेचा १०९३ नंबर बोर्डावर रंगवलाय ते छान केलंत, त्याच्याखाली ११२ पण टाका, आणि सीझनला काकांच्या जोडीला अजून एक अनुभवी माणूस द्या, सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आहे, ते सुट्टीवर असतात त्या दिवशी तिथे काय चालतं ते मी बघितलंय आणि ते लिहायला गेलो तर अजून एक स्टार जाईल.

जाणार असाल तर सकाळच्या पहिल्या एकदोन खेपा पकडा, गर्दी नसते. सुट्टे पैसे ठेवा, जेटीवर नेटवर्क गंडतं आणि स्कॅनर फिरत बसतो, मागचे हॉर्न मारतात. भजी अलीकडच्या टपरीवर खा, पलीकडची तेलकट आहेत.