व्हिएतनामचा फ्रोझन बासा: पाकिटात मासा किती, बर्फ किती?

सुपरमार्केटच्या डीप फ्रीजरमध्ये ‘बासा फिले’ या नावाने मिळणारा पांढरा, बिनकाट्याचा मासा म्हणजे बहुतेक वेळा व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या तळ्यांत वाढवलेला पंगास. आपल्याकडे आंध्रातला पंगासही याच नावाने विकतात, त्यामुळे पाकिटावर मूळ देश वाचूनच घ्या. हे परीक्षण 1 किलोच्या आयात पाकिटाचं आहे.

सगळ्यात आधी वजन. गोठवलेली तुकडी सुकू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात. याला ग्लेझिंग म्हणतात. ते गरजेचं आहे, पण किती, हा प्रश्न आहे. 1 किलोच्या एकूण वजनात 20 टक्के ग्लेझिंग असेल तर मासा 800 ग्रॅमच. म्हणजे 400 रुपयांचं पाकीट प्रत्यक्षात 500 रुपये किलोने पडलं. घरी तपासायचं तर गोठलेली तुकडी वजन करा, गार पाण्याच्या धारेखाली वरचा बर्फ जाईपर्यंतच धरा, कापडाने टिपा आणि लगेच पुन्हा वजन करा. ‘ग्लेझिंग वगळून निव्वळ वजन’ छापलेलं पाकीट दोन पैसे महाग असलं तरी तेच घ्यावं.

दुसरी लबाडी आतल्या पाण्याची. घटकांच्या यादीत 451 किंवा 452 हे आकडे दिसले तर ते पॉलिफॉस्फेट, म्हणजे मांसात पाणी धरून ठेवणारं मीठ. थोडं असेल तर मासा कोरडा पडत नाही. जास्त असेल तर तुकडी काचेसारखी चकचकीत, बोटाला बुळबुळीत लागते, तव्यावर टाकताच पांढरं फेसाळ पाणी सोडते आणि रव्याचं आवरण गळून पडतं. गृहिणीला वाटतं तेल तापलं नव्हतं. दोष माशाचा असतो.

पाकीट उचलून हलवून बघा. तुकड्या सुट्या वाजल्या पाहिजेत. एकच ढेप झाली असेल किंवा आत बर्फाचा चुरा साठला असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. माल सतत उणे 18 अंशांवर ठेवण्याची साखळी तुटल्याची ती खूण आहे. पिवळट झाक असलेल्या तुकड्या चवीला मातकट निघू शकतात.

वितळवायचा तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर, 8 ते 10 तास. गरम पाण्यात टाकलात तर मांसाचा भुगा होतो. मीठ आणि कोकमाचं आगळ 15 मिनिटंच लावा. कालवणात शेवटच्या 5-6 मिनिटांत सोडा आणि डाव घालू नका, भांडं हलवा.

चव? सौम्य, जवळजवळ नाहीच. तिरफळाचं कालवण याच्यासाठी करू नये, तिरफळ वाया जातं. लहान मुलं, दातांची तक्रार असलेली म्हातारी माणसं यांच्यासाठी मात्र हा मासा खरंच सोयीचा.

आणि तो इतका स्वस्त का, हे समजून घेण्यासारखं आहे. पंगास हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे दाटीवाटीने वाढतो. त्याचं खाद्य मुख्यतः सोयाबीन पेंड, भाताचा कोंडा असं वनस्पतिजन्य असतं. 1990 च्या दशकात त्याची बीजनिर्मिती, म्हणजे पिल्लं तयार करणं, हॅचरीत जमली आणि मेकाँगचा मासा जगभर पोचला. 2022 मध्ये जगात जलचर प्राण्यांचं शेतीतून आलेलं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यापेक्षा जास्त झालं, एकूण उत्पादनाच्या सुमारे 51 टक्के. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पापलेट-सुरमईला हात लावता येत नाही. तेव्हा असा आयात मासा ताटातली प्रथिनं टिकवतो, 100 ग्रॅममागे साधारण 13 ते 15 ग्रॅम. ही कामगिरी मोठी आहे.

पण ओमेगा-3 मध्ये तो बांगडा-तारलीच्या पासंगालाही पुरत नाही. ऑगस्टनंतर बाजारात ताज्या बांगड्याचा वाटा परवडत असेल तर बासा फ्रीजरमध्येच राहू द्या. पावसाळ्यासाठी एक पाकीट ठेवायला हरकत नाही. फोडल्यावर लागतील तेवढ्याच तुकड्या काढा. वितळलेली तुकडी पुन्हा गोठवू नका.