फ्लॉवरहॉर्नच्या पिल्लांसाठी दांडिया बाजारकडचं दुकान: काय बघून घ्यावं

बडोद्यात फ्लॉवरहॉर्न या शोभेच्या माशाची पिल्लं बऱ्याच ठिकाणी मिळतात. दांडिया बाजारकडच्या या लहानशा दुकानात पिल्लांशेजारच्याच टाकीत नर-मादीची जोडी ठेवलेली असते, एवढ्यासाठी तिथे जावं. पण जोडी बघून पिल्लाचे पैसे मोजू नयेत.

हा मासा मलेशियात १९९०च्या दशकात, मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या निरनिराळ्या माशांच्या संकरातून घडला. दोन शुद्ध जातींच्या पहिल्या संकराची पिल्लं बरीचशी एका वळणाची असतात. अमेरिकेत तळ्यात सोडतात तो ब्लूगिल आणि ग्रीन सनफिश या माशांचा संकर तसा. फ्लॉवरहॉर्नचे आईबाप स्वतःच संकरित, म्हणून दर विणीत पत्ते नव्याने पिसले जातात. दीड इंची पिल्लांच्या टाकीपुढे जरा थांबा. एकाच्या कुशीवर काळ्या ठिपक्यांची ओळ कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाते, दुसऱ्याची पोटापाशीच तुटते, तिसऱ्याला ओळच नाही. कपाळाचा फुगवटा, म्हणजे कोक, या वयात सहसा दिसत नाही. त्यामुळे त्या टाकीवरच्या ‘ए ग्रेड’ चिठ्ठीला अर्थ नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे लावणं हे दुकानाचं चुकतंच.

काही पिल्लं वाढताना काळा रंग टाकून सोनेरी-लाल होतात, त्याच विणीतली काही आयुष्यभर करडी राहतात. रंग उतरताना अंगावर चट्टे दिसतात. तो रोग नव्हे. मासा खात-फिरत असेल तर औषध ओतू नका.

घ्यायचं तर तीन इंची घ्या, महाग पडलं तरी. गुलाबी दिवा बंद करायला सांगा, सांगितलं की करतात. निम्मी लाली तिथेच उतरते. ओठ नीट मिटतात का, कणा सरळ आहे का, कल्ल्याची झाकणं चपटी बसतात का, काचेवरच्या बोटामागे मासा येतो का, हे बघा. समोर पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, टाकायला लावा. वीण घ्यायची असेल तर आधी पिल्लं झालेलाच नर मागा, कारण फ्लॉवरहॉर्नचे पुष्कळ नर वांझ निघतात.

घरी एका माशाला चार फुटी टाकी, २८ ते ३० अंश पाणी आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणीबदल हवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारा. जानेवारीत हीटर लागतोच. दुकानात पिशवीत पाणी कमी आणि हवा जास्त भरतात ते बरोबर आहे, पण एका पिशवीत दोन पिल्लं घालू देऊ नका; घरी पोचेपर्यंत एकाची शेपटी फाटलेली असते.