घरातलं नेब्युलायझर मशीन : पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत

आमचं नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून श्वासातून देणारं मशीन, व्यवस्थित चालतंय, आजवर एकदाही बिघडलेलं नाही, आणि तरी कुणी विचारलं की मी "लगेच घेऊ नका" असंच सांगते. का, ते जरा सविस्तर लिहिते. खरेदीच्या साइटवरचे रिव्ह्यू बहुतेक पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलेले असतात. पॅकिंग छान, आवाज थोडा जास्त, पाच स्टार. अशा मशीनची पारख होते ती रात्री पोर धापा टाकत असताना.

आमची लेक साडेतीन वर्षांची. राहायला चिंचवडला, समोर टॉवरचं बांधकाम सुरू, पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल. पाळणाघरात जायला लागल्यापासून नाक गळणं बारमाही. सर्दी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू आणि मग दवाखान्यात जाऊन अशाच मशीनची "वाफ". गेल्या जुलैत डॉक्टर म्हणाले, घरी मशीन ठेवलंत तर रात्रीची धावपळ वाचेल. म्हणून घेतलं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पंधराशे ते अडीच हजारांतली कॉम्प्रेसरवाली मशीनं आतून सारखीच असतात. पंप हवा दाबतो, ती नळीतून औषधाच्या कपात येते, बारीक भोकातून जोरात सुटताना औषध वर ओढते आणि त्याचे तुषार होतात. एक ते पाच मायक्रॉनचे थेंब खाली श्वासनलिकांपर्यंत पोचतात, त्याहून मोठे तोंडात नि घशातच बसतात. तुषार गार असतात. गरम पाण्याच्या वाफेशी याचा काही संबंध नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते बरंच आहे, कारण वाफेचं पातेलं कलंडून भाजलेली मुलं दवाखान्यांना नवीन नाहीत.

अडीच-तीन मिली औषध संपायला आठ-दहा मिनिटं लागतात. शेवटी कप फुरफुरायला लागला की झालं. तळाशी मिलीभर औषध उरतंच, ते मशीनचा दोष नाही. मी सुरुवातीला कपाला टिचक्या मारत बसायचे. थोड्या टिचक्यांनी कडेचे थेंब खाली येतात, पण मिनिटभराहून जास्त वेळ त्यात घालवण्यात अर्थ नाही.

आता आवाज. डब्यावर लिहिलेले डेसिबल विसरा. दिवसा चालतं. रात्री अडीच वाजता बंद खोलीत तो आवाज मिक्सर लावल्यासारखा अंगावर येतो, आणि झोपेतून उठवलेलं, आधीच घाबरलेलं पोर जे भोकाड पसरतं ते वेगळंच. इथेच अख्ख्या उपचाराची माती होते. रडताना मूल लांब श्वास सोडतं आणि मधूनच एक हुंदका आत ओढतं. त्यात औषध छातीत फारसं जात नाही. घशात बसतं, गिळलं जातं. "रडली की उलट श्वास मोठा घेते, औषध जास्त जातं" असं मला दवाखान्यातल्या एका बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरं नाही. मास्क नाकापुढे दोन-तीन सेंटिमीटर लांब धरून "हवेतून देणं" हीही तशीच समजूत. मास्क चेहऱ्यावरून सुटला की पोचणारं औषध झपाट्याने कमी होतं.

आमच्याकडे उपयोग झाला तो दिवसाच्या सरावाचा. ती बरी असताना मशीन जमिनीवर ठेवून, कप रिकामा ठेवून, नुसतं चालू करायचं. स्विच तिनेच दाबायचा, मास्क तिनेच आधी बाबाला लावायचा, आणि बाबाने खोकल्याचं नाटक करायचं. ऑगस्टपर्यंत मास्कची भीती गेली. आवाजाची गेली नाही, मग मशीन लांब, दुमडलेल्या सतरंजीवर ठेवायला लागलो. नळी जेमतेम पुरते. फक्त मशीनवर चादर टाकू नका, हवा घ्यायची जागा बंद होते आणि ते तापतं.

दुसरी कुरकुर विजेची. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, पावसात कधीही जाते. कॉम्प्रेसरवालं मशीन विजेवाचून नुसता डबा. बॅटरीवर चालणारी मेशवाली (बारीक जाळीतून तुषार करणारी) छोटी मशीनं मिळतात, आवाज जवळजवळ नाही, पण किंमत बरीच जास्त आणि जाळीची भोकं बुजतात. ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, कण तरंगत असतात. ते द्यायचं असेल तर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी तुषार करणाऱ्या) प्रकारचं मशीन घेऊच नका, आणि मेशवालं घेण्याआधी त्यात ते चालतं का ते डॉक्टरांना विचारा.

दिवाळीच्या आसपास, फटाक्यांच्या धुराने तिची छाती पुन्हा भरली, तेव्हा डॉक्टरांनी पंप, म्हणजे इनहेलर, आणि मास्कवाला स्पेसर लिहून दिला. इथून पुढे मशीन कपाटात गेलं ते बहुतेक तिथेच आहे.

स्पेसर म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी. एका टोकाला इनहेलर, दुसऱ्या टोकाला मऊ मास्क, मध्ये झडप. पंप दाबला की औषध नळीत साठतं आणि मूल आपल्या लयीत श्वास घेत ते ओढून घेतं. आवाज नाही, वीज नाही, पर्समध्ये मावतो, काही मिनिटांत काम होतं. मला आधी वाटलं, हे आपलं प्रवासापुरतं. पण दम्याच्या झटक्यात स्पेसर की नेब्युलायझर यावर कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आहे, २०१३मध्ये सुधारलेला, ३९ चाचण्या आणि १,८९७ मुलं. मुलांमध्ये स्पेसर कुठेही कमी पडला नाही. उलट इमर्जन्सी विभागातला सरासरी मुक्काम नेब्युलायझरवाल्यांचा १०३ मिनिटं आणि स्पेसरवाल्यांचा ७० मिनिटं. छातीतली धडधडही कमी. जीवावर बेतणारे झटके त्यात धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवायचं.

मग सगळे मशीनच का घेतात? कारण पंप म्हटलं की नातेवाईक हादरतात. "एवढ्याशा पोरीला पंप? आता सुटायचा नाही." माझ्या एका चुलत सासूबाईंनी तर फोनवर आवाज खाली करून सांगितलं, "बाहेर कुणाला बोलू नकोस हं, मुलीची जात आहे." हसावं की रडावं कळेना. मशीनमधल्या सालब्युटामोलच्या (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या) एका नेब्युलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, २.५ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे पंचविसावा हिस्सा. झटक्यात डॉक्टर एकापेक्षा जास्त दाब सांगतात हे धरूनही, "मशीन सौम्य आणि पंप कडक" हा हिशेब उलटा आहे. शिवाय हा पंप मुळात एका मुलीमुळेच आला. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या, दम्याच्या मुलीने विचारलं, माझं औषध हेअरस्प्रेसारखं डब्यात का मिळत नाही? १९५६मध्ये पंप बाजारात होता.

स्पेसरचं तंत्र मात्र नीट शिकून घ्या, दुकानदाराकडून नको, डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. इनहेलर हलवायचा. मास्क नाक-तोंडावर घट्ट. एकच दाब. मग पाच-सहा श्वास, झडप हलताना दिसली पाहिजे. दुसरा दाब द्यायचा तर थोडं थांबून, पुन्हा हलवून. दोन दाब एकदम मारून वेळ वाचवला की औषध भिंतीलाच चिकटतं. आणि धुण्याची एक गंमत: नव्या प्लास्टिकवर स्थिर वीज असते, ती औषधाचे कण ओढून घेते. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की वीज पुन्हा चढते. आमच्या मावशींना हे पटत नाही, त्या पुसतातच, म्हणून स्पेसर आता फ्रिजवर वाळतो. स्टिरॉइडचं औषध दिल्यावर, पंप असो की मशीन, चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा धुवा. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

मशीन वापरत असाल तर कप आणि मास्क दर वेळी कोमट पाण्याने धुऊन हवेत वाळवा. आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तिप्पट पाणी घालून अर्धा तास बुडवा. नळी धुवायची नाही. आत दव साठलं तर मशीन दोन मिनिटं नुसतं चालवायचं. मागचा गोल पांढरा फिल्टर बघत राहा. आमचा गणपतीपर्यंतच राखाडी झाला, त्यात समोरच्या बांधकामाचा मोठा वाटा.

आणि कपात काय घालायचं नाही ते. सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, "अगं, दोन थेंब निलगिरी टाक की त्यात, छाती मोकळी होईल." मी म्हटलं, "नाही हो आई, तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो." त्या गप्प बसल्या, पण ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या. ओव्याच्या शेकाला माझी ना नाही, कोमट असेल तर. कापूर मात्र लहान मुलांपासून लांबच बरा, पोटात गेला तर फिट येऊ शकते. खोकल्याच्या पातळ औषधांबद्दल तर आता सांगायलाही नको. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली ते २०२५च्या ऑक्टोबरात आपण वाचलं, त्यातली कित्येक नागपुरात दाखल होती. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य खात्याने सूचना काढली, दोन वर्षांखाली ही सिरपं देऊ नयेत आणि पाचखालीही सहसा नकोत. आमच्याकडे वर्षावरच्या मुलीला चालतं म्हणून रात्री चमचाभर मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, कुणी कितीही सांगो.

राहिलं लेकीचं घोरणं. मशीन घरात आल्यावर सगळ्यांना वाटलं आता घोरणंही जाईल. गेलं नाही, जाणारच नव्हतं. घरघर छातीतली आणि घोरणं नाकामागचं. दोन ते सहा वर्षांत नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असते, वाट चिंचोळी होते. मास्कमधले बारीक तुषार तिला ओलांडून खाली जातात, ते त्यासाठीच बनवलेले आहेत. आमच्याकडे "बाबावर गेलीय" म्हणून कौतुक चाललं होतं. पण ती तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून झोपायची, डिसेंबरातही उशी घामाने ओली, आणि मध्येच आवाज थांबून मग एकदम श्वास ओढायची. असं थांबणं दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. आमच्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी त्यावरच सगळं ओळखलं, मग मानेचा एका बाजूने एक्स-रे.

त्यांनी आधी नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे सुरू केला. मला वाटलं, टाळतायत. नंतर वाचलं की मेलबर्नच्या मर्डोक संस्थेने तीन ते बारा वर्षांच्या मुलांवर हेच तपासलंय, अहवाल २०२३चा. सहा आठवडे एका गटाला स्टिरॉइडचा स्प्रे, एकाला साधं मिठाचं पाणी. दोन्हीकडे चाळीस टक्क्यांच्या वर मुलांचा त्रास गेला, आणि दोन्हींत म्हणावा असा फरक नाही. आमच्या लेकीचं घोरणं सर्दीपुरतं उरलंय, श्वास थांबणं गेले काही आठवडे दिसलेलं नाही. मेमध्ये पुन्हा दाखवायचंय. वाढलं तर ती गाठ काढायचं ऑपरेशन, तेही सांगून ठेवलंय. अमेरिकेतल्या एका चाचणीत, पाच ते नऊ वर्षांची, झोपेत श्वास अडणारी ४६४ मुलं होती. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढायचं ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्क्यांचा झोपेचा तपास सात महिन्यांत सुधारून नॉर्मल झाला. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांचा झाला. म्हणून आम्ही घाई करत नाही, पण डोळेझाकही करत नाही.

मशीन कुणी घ्यावं? डॉक्टरांनी फक्त मशीननेच देता येईल असं औषध लिहिलं असेल, किंवा मूल स्पेसरचा मास्क कशानेच लावून घेत नसेल, तर जरूर. "खोकला आहे, घरात असू दे" म्हणून नको. आणि मशीन असो वा पंप, फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा नेहमीपेक्षा मलूल असेल तर आधी रिक्षा बोलवा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त भरला तरी तेच.

सोसायटीत आमचं मशीन आता फिरतं असतं. देताना मी फक्त डबा आणि वायर देते. कप, नळी, मास्क ज्याचा त्याने आणायचा, मेडिकलमध्ये सुटा संच सहज मिळतो.