सहकारनगरातील दोन घरे: नूतनीकरण केलेले घ्यावे की जुने, जसेच्या तसे?

पुण्यात सहकारनगराच्या आतल्या गल्ल्यांमध्ये स्वतंत्र घर शोधणाऱ्यांसमोर आता बहुधा दोनच प्रकार येतात. एक म्हणजे जुने घर विकत घेऊन, त्याला नवे रूप देऊन पुन्हा विक्रीस ठेवलेले. दुसरे म्हणजे मूळ कुटुंबाने जसे वापरले तसेच उभे असलेले. तीन वर्षांपूर्वी आमच्यासमोर अशी दोन घरे एकाच गल्लीत, पाच-सहा दारांच्या अंतरावर होती. दोन्ही 1970 नंतरच्या दशकातली आणि लोड बेअरिंग (छताचा भार थेट भिंतींवर असलेल्या) बांधणीची होती आणि गल्लीही एकच, त्यामुळे भूखंड, दिशा, रस्ता यांची तुलना करत बसण्याचे कारण नव्हते. गृहरचना संस्थेचा ना-हरकत दाखला, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपासणी अहवाल) आणि मंजूर नकाशा यांचे काम दोन्हीकडे सारखेच होते. फक्त नकाशात नसलेली गच्चीवरची खोली नव्या रंगात सहज खपून जाते, एवढे लक्षात ठेवावे.

नूतनीकरण केलेल्या घराच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल. स्वयंपाकघर आमच्या आजच्या स्वयंपाकघरापेक्षा देखणे होते, प्रकाशयोजना विचारपूर्वक केलेली होती आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. शिवाय मुलांची शाळा सुरू होण्याआधी सामान हलवून मोकळे होता येते, ही सोय पैशात मोजणे कठीण आहे. बँकेचीही बाजू तिकडेच झुकते, कारण नूतनीकरणाची किंमत करारनाम्याच्या रकमेतच धरलेली असल्याने तिच्यासह एकाच गृहकर्जात काम भागते. जुने घर घेऊन दुरुस्ती करायची झाल्यास तिच्यासाठी वेगळे कर्ज, अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि टप्प्याटप्प्याने मिळणारी रक्कम असा व्याप मागे लागतो.

आमच्या बाबतीत दोन्ही घरांच्या किमतीत 45 लाखांचा फरक होता. घर आम्हा दोघांच्या नावे घ्यायचे असल्याने मुद्रांक शुल्क 7 टक्के पडणार होते. म्हणजे दुसऱ्याने निवडलेल्या टाइल आणि कपाटांवर आम्ही 3 लाख 15 हजारांचे शुल्क भरणार होतो. तरीही खरे सांगायचे तर हा हिशेब मी नंतर केला. निर्णय झाला तो न्हाणीघराच्या दारात.

दुसऱ्यांदा घर पाहायला गेलो तेव्हा आई बरोबर होती. तिने सवयीप्रमाणे पाय धुण्यासाठी नळ सोडला आणि दोन-तीन मिनिटांत पाणी दारातून बाहेर पॅसेजमध्ये आले. जुन्या घरांत न्हाणीघराची जमीन बाहेरच्या फरशीपेक्षा इंचभर तरी खाली असते आणि तिला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे, उतार असतो. इथे पॅसेजमधली मूळ मोझेक फरशी पॉलिश करून राखलेली होती, हे एरवी कौतुकास्पदच. पण न्हाणीघरात मात्र जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी टाइल चिकटवलेली होती. चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून सुमारे 20 मिलिमीटर उंची वाढते. त्यामुळे खोलगटपणा जवळजवळ संपला, उतारही सपाट झाला. वाकून पाहिल्यावर दाराची खालची कड रंधा मारून कमी केलेली दिसली, म्हणजे काम करणाऱ्याला ही अडचण ठाऊक होती.

विक्री करणारे गृहस्थ सौजन्याने म्हणाले की दारात दोन बोटे उंचीची ग्रॅनाइटची पट्टी बसवून देतो. रात्री उठणाऱ्या सत्तरीच्या बाईच्या वाटेत दोन बोटांचा अडथळा, हे मला उत्तर वाटले नाही. शिवाय त्यानंतर मी ते घर पूर्वीच्या नजरेने पाहू शकलो नाही. जिथे फरशी फोडण्याचे टाळले, तिथे खालचे वॉटरप्रूफिंग आणि भिंतीतले जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप तरी बदलले असतील का? दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढलेली होती. लोड बेअरिंग बांधणीत भिंत हाच खांब, आणि तिच्या जागी काय आधार दिला आहे ते पीओपीच्या छताआड होते. कदाचित सगळे उत्तम असेल. पण पाहण्याचा मार्ग नव्हता.

जुन्या घरात दोष उघडे होते: गच्चीखालच्या कोपऱ्यात ओल, भिंतीला पोपडे, कडप्प्याचा तुटका ओटा. चौकटी मात्र सागवानी आणि ठणठणीत होत्या. आम्ही न्हाणीघर पूर्ण फोडले तेव्हा जी.आय. पाइप आतून गंजून करंगळीएवढी वाट शिल्लक राहिलेली निघाली. नवे पाइप टाकून, ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा पाणी अडवणारा थर) करून, तीन दिवस पाणी साठवून ठेवून मगच टाइल बसवली. याची किंमत वेळेत मोजावी लागली. चार महिन्यांचे काम सात महिन्यांवर गेले, भाडे चालू राहिले आणि राडारोडा दारात पडून असल्याने शेजाऱ्यांचा रोषही पत्करावा लागला. दुरुस्तीला 29 लाख लागले, त्यामुळे पैसे वाचले हे खरे. पण केवळ त्यासाठी कोणी हा मार्ग धरावा असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांच्या पलीकडची आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात पाणी घरांत शिरले होते. कोणतेही घर पाहताना ओढ्यापासूनचे अंतर आणि त्या रात्री पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे; नवा रंग त्या खुणा झाकतो, जुनी भिंत बहुधा दाखवते.

नूतनीकरण केलेल्या घराचा विक्रेता फरशी फोडल्यावेळची छायाचित्रे आणि पाइपची बिले समोर ठेवत असेल, तर घाई असलेल्या कुटुंबाने ते घर अवश्य घ्यावे. फक्त बादलीभर पाणी ओतून पाहण्याची परवानगी मागावी, शक्य झाल्यास जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पावसातली ओलही दिसेल. आमच्या गल्लीतले ते घर पुढे दोन महिन्यांत विकले गेले आणि तिथले कुटुंब समाधानी दिसते, हेही सांगायला हवे. न्हाणीघराच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी मात्र त्यांनी बसवून घेतली आहे.